नागलीची कॉफी

आमच्या घरात कॉफी पिणारं माणूस एक होतं आणि करणारं दुसरं. पिणारे माझे बाबा, गोकुळ गुरुजी. करणारी माझी आई, चंद्रकला. पाच वर्षं ती रोज सकाळी कॉफी करत होती आणि त्या पाच वर्षांत तिने स्वतः एक घोटही घेतला नव्हता. बाबांनी तिला कधी विचारलं नाही. "तुम्हा बायकांना चहाच बरा," असं एकदा म्हणाले होते, तेवढंच.

खोडाळ्यात आमची शेती आहे, पण घर चाललं ते बाबांच्या पगारावर. ते शिक्षक होते, नंतर केंद्रप्रमुख झाले. आई सूर्यमाळच्या एका पाड्यावरची, चौथी शिकलेली. ती कमी बोलते. तिच्यात वेगळं असं एकच होतं, तिचं नाक. भाताच्या कणगीजवळून जाताना आत ओल धरली आहे का, हे ती झाकण न काढता सांगायची. शेजारणी लोणच्याची बरणी घेऊन यायच्या, "काकी, जरा बघ गं." आई बरणी नाकाशी धरायची आणि "फेक" किंवा "ठेव" म्हणायची.

बाबा एकदा पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला शहरात गेले. तिथे कोणा अधिकाऱ्याने त्यांना एका दुकानात नेलं आणि बिनदुधाची काळी कॉफी पाजली. वर सांगितलं की हिच्यात संत्र्याचा वास आहे, बघा. बाबांना तो आला. आपल्याला काहीतरी कळतं आणि इथल्या कोणालाच ते कळत नाही, याचा त्यांना जो आनंद झाला, तो तिथून पुढे आमच्या घरात राहायला आला.

आधी काचेचं, दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं आलं. मग इटालियन पद्धतीचं, खाली पाणी आणि वर कॉफी जमा होणारं. मग हाताने फिरवायची चक्की, कागदी गाळण्या आणि बारीक लांब तोटीची किटली. ग्रॅमचा दशांश दाखवणारा वजनकाटा मी मागवला. मी जव्हारला एका कार्यालयात कारकून आहे. मला मोबाइलवरून मागवता येतं म्हणून ते काम माझ्याकडे. बियांची पाकिटं यायची, त्यांवर कुठल्या डोंगरावरची, किती भाजलेली, कधी भाजलेली, सगळं छापलेलं. बाबा ती वाचायचे, निवडायचे आणि आईच्या हातात द्यायचे.

आईला शिकवलं त्यांनीच. पंधरा ग्रॅम बिया. दळण जाड्या रव्यासारखं. पाणी उकळल्यावर तीस आकडे मोजून मग ओतायचं. आधी थोडं, पूड फुगेपर्यंत थांबायचं, मग गोल गोल उरलेलं. एवढं करून कप समोर ठेवला की तिने तिथेच उभं राहायचं. बाबा डोळे मिटून वास घ्यायचे, घोट घ्यायचे. पसंत पडली तर काही बोलायचे नाहीत. नाही पडली तर कप खिडकीतून बाहेर रिकामा करायचे आणि म्हणायचे, "परत."

पाण्याचंही ठरलेलं होतं. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो, ते चालणार नाही. विहीर एप्रिलमध्येच तळाला जाते. म्हणून कॉफीपुरती एक कळशी आई खालच्या दरीतल्या झऱ्यावरून आणायची. उतरायला पंधरा मिनिटं, चढायला अर्धा तास. मे महिन्यात झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरावं लागतं. बायका रांगेत बसलेल्या असायच्या आणि विचारायच्या, "गुरुजींच्या काफीला का?" आई हो म्हणायची. ते पाणी मग कधी एकदा, कधी दोनदा खिडकीबाहेर जायचं. मी घरात असायची. मी बघायची आणि बसच्या वेळेला निघून जायची.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सात वाजता माझा मामा, माघ्या, सूर्यमाळहून कोणाची तरी मोटरसायकल मागून घेऊन आला. आत न येता दारातूनच म्हणाला, "बाय, आई दुसरं काय बोलत नाय. रातपासून तुझंच नाव घेते. चल लगेच."

आईच्या हातात तेव्हा किटली होती. ती तशीच ठेवून पदराला हात पुसत निघाली.

"अगं, ओतून तर जा," बाबा म्हणाले. "दळलेली पूड वाया जाईल."

आईने ओतली. कप समोर ठेवला. बाबांनी वास घेतला, घोट घेतला.

"पाणी जास्त तापलं. कडू झाली. परत कर."

मामा म्हणाला, "दाजी, आईचं काय खरं नाय."

"माघ्या, पाच मिनिटांनी काय होतंय? बस तू. अर्धवट काम करून गेलं की दिवसभर डोकं उठतं माझं."

मामा बसला नाही. गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा राहिला. आईने परत बिया मोजल्या. आकडा सोळावर जायचा, मग ती चिमूटभर बिया काढायची, मग चौदा दाखवायचा. चक्कीचा आवाज मला अजून आठवतो. दुसरा कप बाबांनी नुसत्या वासावर नाकारला. "तीस मोजलेस का? खरं सांग." तिसरा ते प्यायले. सावकाश. कप खाली ठेवून म्हणाले, "हां. जा आता."

आई पोचली तेव्हा आजीची हनुवटी फडक्याने बांधून झाली होती. कोंडी मावशी आईला बघून म्हणाली, "आता गेली गं. तुला हाका मारून मारून आता गेली." आई रडली की नाही, मला माहीत नाही. मी कामावर गेले होते. ते तीन कप होत असताना मीही घरातच होते आणि 'बाबा, जाऊ द्या तिला' एवढं चार शब्दांचं वाक्य माझ्याने झालं नव्हतं.

आजीचे दिवस झाल्यावर आई परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी केली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी देवबांधच्या उतारावर खडीवरून बाबांची गाडी घसरली. डोकं मागून आपटलं. नाशिकच्या इस्पितळात अकरा दिवस होते. वाचले, चालायला लागले, बोलणंही पूर्वीसारखं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी डोळे मिटून कप नाकाशी धरला आणि तसेच बसून राहिले. मग घोट घेतला आणि कप भिंतीवर मारला.

"गरम पाणी देतेस मला?"

पुढचे पंधरा दिवस बिया बदलल्या, चक्की खोलून धुतली, नवीन भांडं मागवलं. मी चार पाकिटं मागवली, एकाहून एक महाग. विहीर भरलेली असूनही आई दिवसातून तीन-तीनदा झऱ्यावर जायची. प्रत्येक कप खिडकीबाहेर. "तुझं लक्षच नसतं," बाबा म्हणायचे. "आई मेली म्हणून किती दिवस सुतक धरणार?"

मग एका रविवारी आईने चुलीवर दूध ठेवलं आणि ती गोठ्यात गेली. मी रस्त्यावरून येत होते, मला फाटकातच करपल्याचा वास आला. आत धावले तर पातेलं काळं झालेलं, घरभर तो वास भरलेला, आणि शेजारच्या खोलीत बाबा शांतपणे पेपर वाचत होते. आई माझ्या मागोमाग आली. तिने पातेलं उतरवलं. मग ती खोलीच्या दारात उभी राहून बाबांकडे बघत राहिली. बाबांनी पान उलटलं.

"काय गं?" ते म्हणाले.

"काही नाही," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना आदल्या दिवसाच्या गाळणीतल्या चोथ्यावर गरम पाणी ओतून दिलं. बाबांनी डोळे मिटले. घोट घेतला. चांगली कशी असते ते आता त्यांना कळत नव्हतं, आणि कळत नाही हे बोलायची सोय नव्हती. तालुकाभर त्यांनी स्वतःच्या जिभेच्या आणि नाकाच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"आज जमली," ते म्हणाले.

त्या दिवसापासून कप खिडकीबाहेर गेला नाही.

मला कळलं ते जानेवारीत. बाबांचा अर्धा राहिलेला कप उचलताना मी एक घोट घेतला. कडू, राखेसारखं, तळाशी गाळ. कॉफी नव्हती ती. मागच्या पडवीत आई पायरीवर बसली होती, हातात स्टीलचा पेला, आणि त्यातून बाबांच्या त्या महागड्या कॉफीचा वास येत होता.

"त्यांच्या कपात काय आहे?"

"नागली," आई म्हणाली. नागली म्हणजे शहरातले लोक नाचणी म्हणतात ती. "काळी होईपर्यंत भाजते. चक्कीत दळते."

"त्यांना वास येत नाही हे तुला माहीत आहे?"

"तुलाही माहीत आहे."

"मग सांगत का नाहीस? डॉक्टरांना दाखवायला हवं."

आईने पेल्यातला घोट संपवला. "तू सांग की. तुला तोंड आहे ना? की अजूनही नाही?"

मी सांगितलं नाही.

आठ महिने बाबा जळकी नागली प्यायले. घरी शिक्षक आले की त्यांनाही पाजायचे. "हळू घ्या, मागून चॉकलेट येतं," असं म्हणायचे. बिचारे शिक्षक मान डोलवायचे. आई आतून ऐकायची. तिचा चेहरा मी त्या वेळी बघितला आहे. पोट भरलेल्या माणसाचा असतो तसा होता. बाबा जेवायचे कमी, वाळत चालले होते. जेवणाला चव लागत नाही, हे ते पथ्याच्या नावावर खपवायचे.

मे अखेर बाबा निवृत्त झाले. जूनमध्ये म्हणाले, पाकिटातली कॉफी पूर्वीसारखी राहिली नाही, नाशिकला दुकानात जाऊन समोर बघून घेऊ. आई म्हणाली, "मीही येते." ती कधी कुठे येते म्हणत नाही. मी गाडी ठरवली.

दुकान लहान होतं. फळीवर झाकणाचे स्टीलचे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. गल्ल्यावरची मुलगी हसतमुख होती. बाबा तिला सांगत होते की मी अमुक वर्षं पितोय, मला अरेबिकाच लागते, रोबस्टा उग्र. ती एकेक डबा उघडून देत होती. बाबा डोळे मिटत, वास घेत आणि काहीतरी बोलत. फळांचा. लाकडाचा. ती "हो काका, बरोबर" म्हणत होती, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

कडेला एक डबा धुवून, पुसून ठेवला होता. आईने तो उचलला. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. तिने तो त्यांच्या नाकाखाली धरला.

"ही बघा."

बाबांनी छाती भरून श्वास घेतला. "ही," ते म्हणाले. "ही घेऊ. चॉकलेट आहे हिच्यात. स्वच्छ."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मुलगी गोंधळली. "काका, तो धुतलेला डबा आहे. रिकामा आहे."

बाबांनी डोळे उघडले. डब्यात बघितलं. कोणीतरी हसलं, लगेच थांबलं.

"चॉकलेट म्हणालात ना?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. मग मुलीकडे वळून म्हणाली, "पोरी, मला दाखव आता." तिने चार डबे नाकाशी धरले. तिसरा बाजूला सारला. "हा जुना आहे. भाजून दोन महिने झाले असतील." मुलीने चिठ्ठी उलटून तारीख बघितली आणि तो डबा गल्ल्याखाली ठेवला. आईने मध्यम भाजलेली निवडली, ताजी दळून घेतली, बारीक. आणि भांड्यांत तिला साधा पितळी फिल्टर हवा होता. वर पूड, खाली रस, गाळण नको, काटा नको, उभं राहायला नको.

"किती जणांचा देऊ?" मुलीने विचारलं.

"एकटीपुरता," आई म्हणाली.

परतताना त्र्यंबकच्या पुढे बाबांनी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मग मी पीत काय होतो?"

"नागली."

त्यांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहिले. मी मागोमाग गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रतिभा, तुला माहीत होतं?" मी हो म्हणाले. मला वाटलं ते मारतील. त्यांनी फक्त मान हलवली, आणि मला त्यांची दया आली, ते मारण्यापेक्षा वाईट होतं. आई गाडीतून उतरली नाही.

नंतर डॉक्टरांना दाखवलं. आधी आला असतात तर प्रयत्न करता आला असता, आता कठीण, असं ते म्हणाले. आई तिथेच खुर्चीवर बसून ऐकत होती. घरी आल्यावर तिने चक्की, काटा, किटली, सगळं एका खोक्यात भरून माघ्या मामाला देऊन टाकलं. चक्कीत मामी मिरी दळते.

आता आई सकाळी ओट्यावर बसून टँकरच्या पाण्याची कॉफी पिते. दूध-साखर घालून. तिला औषधाचा वास येतो, पण चालतं म्हणते. बाबा समोर बसतात. एकदा मी तिथे असताना त्यांनी विचारलं, "कशी आहे गं?"

"बरी आहे," आई म्हणाली आणि पेला उचलून पडवीत गेली.

बाबांना आता प्रत्येक गोष्ट आईला विचारावी लागते. गॅस सुटलाय का, सदऱ्याला घामाचा वास येतोय का, कालची डाळ आंबली तर नाही. उन्हाळ्यात डाळ लवकर आंबते. ताट पुढे आलं की ते घास हातात धरून तिच्याकडे बघतात. आई ताटाकडे बघतसुद्धा नाही.

"जेवा," म्हणते.

ते जेवतात. गेल्या एप्रिलमध्ये त्यांचं पोट तीन दिवस बिघडलं होतं. मी आईला काही विचारलं नाही.