अंबडची लेथवाली

माझी शेजारीण अंबडला लेथचं छोटं वर्कशॉप चालवते. चष्मा कायम डोक्यावर, कातलेल्या लोखंडी जॉबवरून बोट फिरवून खोट सांगते. तिच्याकडच्या शिकाऊ मुलीला सरकार सहा महिने विद्यावेतन देत होतं. मुदत संपताच योजनेचा एजंट बॅग घेऊन आला; तेव्हा मी तिथेच बसले होते.

"मावशी, हिला काढा, नवी घ्या. परत सहा महिने फुकट!"

मुलीचा हात मशीनवरच थांबला.

"हिचा हात आत्ता कुठे बसलाय. उद्यापासून पगार मी देणार. नव्या पोरींना हीच शिकवेल."

"परवडेल का?"

"नाही परवडलं तर तुझ्या दारात येणार नाही. नीघ!"

तरुणपणी मी सुपरवायझर होते. साहेबांच्या एका शब्दावर मुदत संपलेल्या तीन शिकाऊ मुली घरी पाठवल्या आणि मिळालेल्या बक्षिसातून शहाणपणाच्या तोऱ्यात नवी साडी घेतली. आता उठले आणि एजंटाची बॅग फाटकाबाहेर नेऊन ठेवली.