आई कुणाच्या ओळीत

माझ्या नाकावर राग असतो, हे म्हसळ्याच्या आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आठवडाभर मी लोकांचे दाखले शोधतो आणि रविवारी दुपारी तीनला दहा जणांचा जीव सांभाळतो. हे एकदा डब्याच्या वेळी बोलून गेलो, तर समोरचा म्हणाला, "लग्न कर की, मग एकच जीव सांभाळायला पुरेसा होईल." तेव्हापासून कचेरीत खेळाचा विषय बंद.

खेळ ऑनलाइन आहे. दहा जणांनी मिळून एका मोठ्या राक्षसाला पाडायचं, त्याला रेड म्हणतात. दहातले सात जण मारतात आणि आम्ही तिघं हीलर. हीलर म्हणजे लढाईत कुणावर हात न उचलणारा माणूस. पडद्याच्या कडेला दहा हिरव्या पट्ट्या असतात, प्रत्येकाच्या जिवाची एक. मार बसला की पट्टी आखडते, आणि आम्ही बटण दाबून ती पुन्हा भरायची. कुणी कुणाला भरायचं ते ठरवणं माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण न ठरवता तीन हीलर सोडले, तर तिघंही जो जास्त ओरडतो त्यालाच भरत बसतात, आणि गप्प बसणारे चार जण चुपचाप मरून जातात.

यावरचा उपाय मला खेळानं शिकवला नाही, आमच्या विहारानं शिकवला. जयंतीच्या जेवणाला गावची पंगत बसते, तेव्हा एक ओळ, एक वाढपी. दुसऱ्याच्या ओळीत बघायचं नाही, आपली सोडायची नाही. आणि सगळ्या पंगती उठल्याशिवाय वाढप्यानं तोंडात शीत टाकायचं नाही. माझ्या लहानपणापासून आमटीचं ओगराळं आईच्या हातात. ती म्हणायची, "जो आमटी आमटी ओरडतो ना, त्याच्या पानात आधीच असते. खाली मान घालून बसलाय त्याच्याकडे बघ." मी खेळात तेच केलं. कचेरीच्या एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मारणाऱ्या सातांची नावं तीन ओळींत लिहिली आणि ते पाकीट लॅपटॉपला टेकवून ठेवलं.

आमचा म्होरक्या उरणकडचा. घरची मिठागरं होती, आता तीन ट्रेलर आहेत. राक्षसाच्या तोंडावर उभा राहून पहिला मार खायचा, हे त्याचं काम. दुसरा हीलर हरिहरेश्वरला पर्यटकांना खोल्या देतो. बाहेर गाडी थांबली की हा "आलोच" म्हणून उठायचा आणि परत यायचा तो चहा, नाश्ता, गरम पाणी सगळं झाल्यावर. आणि तिसरी हीलर माझी आई.

हसू नका. मीही आधी हसलो होतो.

वडील मागच्या वर्षी झोपेतच गेले. गाडी चालवणारा माणूस, उभा जन्म घाटात काढला आणि गेला तो उशीवर. आई अंगणवाडीतून निवृत्त झालेली, बहीण लग्न होऊन पनवेलला. घरात उरलो मी आणि ती. तिला बोलायची सवय, पण माझ्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलण्यासारखं, हे मी कबूल करतो. तिचे कित्येक दिवस "जेवलास?" आणि "दार लावून घे" एवढ्यावर जायचे. एका रविवारी ती माझ्या मागे खुर्ची घेऊन तांदूळ निवडत बसली होती. हरिहरेश्वरवाला नेहमीप्रमाणे "आलोच" म्हणून पळालेला, आणि मी घामाघूम. मागून आवाज आला, "तो खालून दुसरा मरतोय बघ. कधीचा गप्प आहे." बघतो तर खरंच. त्याला वाचवला. तेव्हा आमच्यात तिसऱ्या हीलरची जागा रिकामीच होती, म्हणून पुढच्या रविवारी बहिणीचा जुना लॅपटॉप आईपुढे ठेवला.

अंगणवाडीत मोबाईलवर पोरांची वजनं भरून तिचं बोट तयारच होतं. चार बटणांवर मी रंगीत टेपचे तुकडे चिकटवले. ती बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची, पदर खोचायची आणि बसायची. पंधरवड्यात सगळे तिला आई म्हणायला लागले. कुवेतमधला एक जण तर तिला मसाल्याचं प्रमाण विचारायचा. शुक्रवारपासूनच तिचं सुरू व्हायचं, "परवा तीनलाच ना?" मला बरं वाटायचं. बोललो नाही, पण वाटायचं.

मग आला तो दगडी राक्षस. तो लढाईत तीनदा धूर सोडतो. धूर आला की दहाही पट्ट्या एकदम खाली. पहिला धूर आम्ही निभावायचो, दुसराही निभावायचो. तिसऱ्याला आई मरायची, आणि तिची ओळ उघडी पडली की दोन मिनिटांत सगळा कारभार आटोपायचा. चार रविवार हेच झालं. चौथ्या रविवारी म्होरक्या म्हणाला, "दादा, राग मानू नको. पर आई पयलीच मरते. वय झालंय, हात चालत न्हाय तिचा. येत्या रविवारी न्हाय जमलं तर पेणचा एक जण हाय तयार, त्याला घेऊ."

मला वाटलं, आईचा हेडफोन काढलेला आहे. तो तिच्या कानावरच होता.

तिनं लॅपटॉप मिटला आणि चहा टाकायला गेली. कप माझ्यापुढे ठेवताना विचारलं, "मला काढणार?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"काढलं तर काढलं," ती म्हणाली. मग साखरेचा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "रविवार तेवढा जाणार नाही रे."

मी कप तसाच खाली ठेवला. माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं की मी चिडतो. सोमवारपासून कचेरीतून आलो की तिला सरावाला बसवायला लागलो. हे दाब, ते दाब, लवकर, अजून लवकर. बुधवारी मी चक्क ओरडलो, "अगं, किती मंद हात तुझा. एवढा वेळ लागतो का?" तिनं बांगड्या पुन्हा वर सरकवल्या आणि म्हणाली, "परत लाव."

गुरुवारी हरिहरेश्वरवाल्याकडून चारही रविवारच्या लढायांचं रेकॉर्डिंग मागवलं. म्होरक्याला सांगायला काहीतरी सबब मिळेल, एवढाच हेतू. शेवटची लढाई तिसऱ्या धुरापाशी थांबवून, मागे घेऊन, हळू करून बघितलं. आईचा हात मंद नव्हता. आम्हा तिघांत तिचाच हात सगळ्यात चलाख होता. धूर आला तशी तिनं आपल्या ओळीतली एकेक पट्टी भरली, खालच्या गप्प गड्यापासून सुरुवात करून. तेवढ्यात हरिहरेश्वरवाल्याची ओळ ढासळत होती, तिथलेही दोन उचलले. आणि या सगळ्यात एक पट्टी आटत चालली होती, ती तिची स्वतःची. तिला तिनं हात लावला नाही. भरायची ताकद शिल्लक असताना ती मेली. आधीच्या तीन लढाया बघितल्या, त्यांतही तेच.

मी स्वयंपाकघरात गेलो. "तू स्वतःला का भरत नाहीस?"

ती भाकरी थापत होती. "वाढणारा मधेच जेवायला बसतो का?"

"आई, ही पंगत नाही."

"नाही कशी? तूच म्हणालास ना, एक ओळ, एक वाढपी?"

आता हिला काय सांगावं? रात्री पुन्हा सराव केला. "बरं, भरते," म्हणाली. आपली पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा बोट त्या बटणापर्यंत गेलंसुद्धा. पण शेजारी कुणाची तरी पट्टी तेवढीच खाली दिसली आणि बोट तिकडे वळलं. तीन वेळा असंच झालं. चौथ्यांदा ती स्वतःच ओशाळली. "नाही रे जमत. चोरून खाल्ल्यासारखं वाटतं."

तेव्हा मी पाकीट हातात घेतलं. इतके महिने माझ्या नाकासमोर उभं असलेलं ते पाकीट. म्होरक्या आणि दोन जण माझ्या ओळीत, दोन जण हरिहरेश्वरवाल्याच्या, दोन जण आईच्या. आणि तळाशी माझ्याच अक्षरात, 'हीलर: आपापले'. मी स्वतःला भरत होतो, हरिहरेश्वरवाला स्वतःला भरत होता. आई मात्र कुणाच्याच ओळीत नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी ती शेवटची ओळ खोडली आणि माझ्या ओळीत सगळ्यात वर, म्होरक्याच्याही वर, 'आई' लिहिलं.

विहारात वडील हेच करायचे, ते मला तेव्हा आठवलं. ते पाणी वाढायला असत. पहिली पंगत बसायच्या आधीच ते एक ताट भरून, वर दुसरं ताट पालथं घालून, मोठ्या पातेल्यामागे ठेवत. लोक चेष्टा करायचे, "ड्रायव्हरसाहेबांनी सीट धरली." वडील हसायचे, पण ताटाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटची पंगत उठली की आई त्या ताटावर बसायची. त्या ताटात बुंदीसुद्धा असायची.

रविवारी तीनला सगळे जमले. आईनं पदर खोचला. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. पहिला धूर गेला, दुसरा गेला. म्होरक्या सवयीनं ओरडत होता, "आई, मला दे, मला दे."

"तुझ्या पानात आहे. आधी ते संपव," आई म्हणाली.

तिसरा धूर आला. दहाही पट्ट्या खाली. आई तिच्या ओळीला लागली, आणि तिची पट्टी आटायला लागली. इकडे म्होरक्याचीही. तो कानात कोकलत होता, "दादा, मेलो, मेलो, बघतोस काय!" माझं बोट त्याच्याकडे निघालं होतं, खोटं कशाला बोलू. पण पाकिटावर आई वर होती. मी आईला भरलं. पुन्हा एकदा भरलं. म्होरक्याच्या पट्टीचा हिरवा रंग दोऱ्याएवढा उरला होता, तेवढ्यात आईनं आपली ओळ उरकून त्याला उचललं, म्हणाली, "घे बाबा, घे." कुणी मेलं नाही. पाचेक मिनिटांत राक्षस पडला.

सगळे एकदम बोलायला लागले. कुवेतवाला शिट्ट्या मारत होता. शेवटी म्होरक्या म्हणाला, "आई, चुकलो मी. पुढल्या रविवारी तीनला हाय ना तू?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "हाय, हाय," ती त्याच्याच बोलीत म्हणाली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. मग मला म्हणाली, "मी मरायला आले होते ना? कशी वाचले?"

"मी होतो," मी म्हणालो.

तिनं बांगड्या खाली घेतल्या आणि स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी तिनं मला वाढलं. मासळीचं कालवण, भात. "तू बस, मी जेवते मागनं." हे मी रोज ऐकतो. वडील गेल्यापासून रोज. रोज मी जेवतो, हात धुतो, मोबाईल घेऊन ओटीवर जाऊन बसतो. त्या दिवशी माझ्या पानात मासळीचे चार तुकडे होते. दुसरा घास तोंडात होता आणि मला कोपरापर्यंत सरकलेल्या त्या बांगड्या आठवल्या. वडील होते तेव्हा त्या मनगटाच्या वर चढत नव्हत्या. मसाला कांडायच्या वेळी ती साबण लावून त्या काढायची.

मी उठलो, टोपावरचं झाकण काढलं. तळाला दोन पळ्या रस्सा होता. तुकडा एकही नाही. भाताच्या पातेल्यात करपलेली खरवड.

"मला रस्साच आवडतो," ती मागून म्हणाली.

"किती दिवस आवडतो?" माझा आवाज चढला होता. तिनं माझ्या हातातलं झाकण घेऊन टोपावर ठेवलं. मला माझीच इतकी लाज वाटली, की तिच्याकडे बघवेना.

मी ताट घेतलं. माझ्या पानातले तुकडे काढून तिच्या ताटात घातले, भात घातला, रस्सा घातला, तिला खांद्याला धरून पाटावर बसवलं. वाढायची सवय नाही मला, सगळं एकमेकांवर गेलं. ती ताटाकडे बघत राहिली. मग मी आणखी भात घ्यायला वळलो, तसा तिनं ताटावर आडवा हात धरला. उभा जन्म तिच्यापुढे लोकांनी असा हात धरलेला मी बघितला होता. तिनं धरलेला कधी बघितला नव्हता.

"पुरे," ती म्हणाली.

मी तिचा हात बाजूला केला आणि वाढलं.