पापडवाल्या सिस्टर

सिस्टरांना मी पिशवीशिवाय कधी पाहिलं नाही. वर उडदाचे पापड, खाली बर्फाच्या डब्यात हार्मोनची इंजेक्शनं. महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्या पापडवाल्या होत्या. त्या निवृत्त नर्स आहेत, हे फक्त ज्यांच्या सुना पोटावर सुई घेत त्या घरांना ठाऊक.

माझ्या अंडाशयात बीज वेळेवर तयारच होत नव्हतं. गोळ्यांनी भागलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी सुया लिहून दिल्या. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून रोज एक, ठरलेल्या वेळी. सासूबाईंची अट एकच, गल्लीत कळता कामा नये. सुनेत खोट निघण्यापेक्षा घराला पापडाचं व्यसन लागलेलं त्यांना चाललं. पापड इतके खारट, की नुसतं मीठ बरं. सगळं घर ते मुकाट्याने खात होतं.

सिस्टरांचा हात मात्र हलका. मी डोळे मिटले की म्हणत, "काहून घाबरून राहिली वं? मारतो का मी तुले?" सोनोग्राफीत बीज वाढलेलं दिसलं नाही की मी रडायचे. मग त्या कापसाने पोट पुसत सांगत, "कोंबडीलेही रोज अंडं देनं जमत नाही. तू त माणूस." मला त्याही अवस्थेत हसू यायचं.

दोन महिने वाया गेले. तिसऱ्या महिन्यात बीज वाढलं, ते फुटायची शेवटची सुई सिस्टरांनीच टोचली आणि मला दिवस राहिले. श्रेय सासूबाईंच्या सोळा सोमवारांना गेलं.

बारशाला सिस्टरांना बोलावणं नव्हतं. पापडवालीला कोण बोलावतं? तरी त्या आल्या, दारातूनच बाळ पाहिलं आणि वळल्या. मला राहवेना. भरल्या घरात मी ओरडले, "या पापडवाल्या नाहीत! यांच्या सुयांनी मला ही लेक झाली!"

केवढं धाडस केलं असं मला वाटलं. पण सगळ्या बायका समोरच्या घरच्या धाकट्या सुनेकडे पाहू लागल्या. तिच्याकडेही हेच पापड जात. ती खाली मान घालून उभी होती.

"काहून सांगतलं वं?" सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या. "तुयं झालं. तिच्या अजून चार सुया बाकी आहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी सिस्टर गल्लीत शिरल्या. हातात लोणच्याची बरणी. समोरचं दार उघडलं. कोणी काही विचारलं नाही. उलट सासूबाईच शेजारणीला म्हणाल्या, "लोणचं छान असते त्यांचं."

माझ्याकडे सिस्टर अजूनही पाहत नाहीत. लेक विचारते, "आई, ती आजी कोण गं?"

मी सांगते, "लोणचंवाली."