कोंबडीला घाबरणारा जावई

शिजलेल्या कोंबडीशी माझं काही वैर नाही. तांबडा रस्सा आणि गरम भाकरी असेल तर मी ताटावरून लवकर उठत नाही. अडचण आहे ती जिवंत कोंबडीची. तिनं पंख फडफडवले की माझ्या तळहातांना घाम सुटतो आणि पाय माझं ऐकेनासे होतात. ती मला काही करणार नाही, हे मला चांगलं कळतं. पण कळून उपयोग होत नाही, हीच या दुखण्याची गंमत. डॉक्टर म्हणाले, याला फोबिया म्हणतात. आमच्या घरी याला नाटकं म्हणतात.

सांगलीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचं यात फारसं बिघडत नाही. पण माझी सासुरवाडी निघाली म्हसवडजवळच्या एका वस्तीवर, अंगणात वीस-पंचवीस कोंबड्या असलेली. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा त्यांनी एक तुरेबाज कोंबडा पाय धरून उलटा माझ्यासमोर आणला. पाहुण्याला दाखवल्याशिवाय कोंबडा कापायचा नाही, हा त्या घरचा रिवाज.

"बघा पाव्हणं, ह्यो चालंल का?"

कोंबड्यानं पंख झाडले. मी मागं सरकत सरकत ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसलो. सीमेवर आयुष्य काढलेल्या माणसाला कसं सांगायचं, की तुमचा जावई कोंबड्याला भितो? तोंडाला येईल ते बोलून गेलो, "मामा, मी मांसाहार सोडलाय. देवाच्या नावानं."

सासऱ्यांनी कोंबडा खाली सोडला आणि चक्क मला हात जोडले. खरं बोलायला हवं होतं ते तेव्हाच. मी मात्र गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली.

त्या दिवसापासून मी वस्तीवरचा पुण्यवान माणूस झालो. माझ्यासाठी वेगळी भांडी निघाली. शेजाऱ्यांच्या नव्या ट्रॅक्टरपुढचा नारळ माझ्या हातून फुटला. सासरे माझ्या मांडीला मांडी लावून डाळ-भात खायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचं जावाय लय धार्मिक." परतीच्या वाटेवर धाब्यावर मी मटणाची थाळी मागवली की बायको विचारायची, "महाराज, अजून एक भाकरी घेणार का?"

आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं. गेल्या दिवाळीत आमची पाच वर्षांची लेक फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी धरून पळत आली. "पप्पा, गंमत बघा!" ओच्यातून कोंबडीचं पिल्लू डोकावलं. मी ताडकन उठलो, खोलीत शिरलो आणि आतून कडी घातली.

बाहेर तिचं रडणं सुरू झालं. "आजोबा, पप्पा माझ्यावर का चिडले? मी काय केलं?"

मला माझीच लाज वाटली. सासऱ्यांपुढची इज्जत राखायला मी पोरीला रडवत होतो. मी कडी काढली आणि दार बोटभर उघडलं. "बाळा, तुझ्यावर नाही गं चिडलो. मला कोंबडीची भीती वाटते. पिल्लाचीसुद्धा. फार वाटते."

तिनं पिल्लू पाठीमागं लपवलं आणि डोळे पुसले. मग सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या आणि सगळेच हसू लागले. सासरे मात्र हसले नाहीत.

"मग ते देवाच्या नावानं सोडलेलं?"

"खोटं होतं, मामा. मी खातो. सांगलीत चांगलं दाबून खातो."

ते बाजेवर बसले. आता फौजी शिव्या ऐकायच्या, म्हणून मी दाराआडच थांबलो.

"आवं, आधी सांगायचं न्हाई व्हय?" ते म्हणाले. "जावाय एवढा तरणा असून सोडतोय, मग आपुन कशाला खायचं, म्हनून मी बी त्याच दिवशी सोडलं. देवाच्या नावानं. आता मला काय परत खाता येतंय व्हय?"

त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या नजरेआड कोंबडा करवला. सासरे माझ्यासमोर बसून मला आग्रहानं वाढत होते आणि वाटी रिकामी झाली की विचारत होते, "पाव्हणं, रस्सा झणझणीत झालाय न्हवं?" त्यांच्या ताटात शेपूची भाजी होती.