बोर्डावरची मोकळी जागा

जुन्या ऑफिसात किस्से साठतच जातात, आणि भिंतीतल्या ओलीसारखे कितीही रंग लावला तरी वर येतात. आमचं मँचेस्टरचं आर्किटेक्टचं ऑफिस तर पिढीजात. गिरण्यांनी हे शहर फुगत होतं तेव्हा आमच्या मालकाच्या, एडवर्डच्या पणजोबांनी इथली निम्मी गोदामं बांधली. दारावरच्या पितळी बोर्डावर सगळी घरचीच नावं. त्यांच्याखाली आपलंही यावं, एवढ्यासाठी मी नागपूरची मुलगी इथे केस पांढरे करतेय.

•

पहिल्या दिवशी एडवर्डने मला खिडकीपाशी नेलं. "ती बँक पणजोबांची, ते वाचनालय आजोबांचं. तुझे आजोबा काय करायचे?"

"पोस्टात होते."

"ओह, लव्हली! कुठलं पोस्ट बांधलं त्यांनी?"

ते कारकून होते, हे सांगायची मला लाज वाटली. त्या लाजेचा राग अजून येतो.

•

आमच्याकडे रीत अशी, की ड्रॉइंग कुणीही करो, सही घरच्याच माणसाची. एडवर्डने पुढे ती मुलाकडे, टॉमकडे सोपवली. टॉम आर्किटेक्चर अर्धवट सोडलेला. एकदा माझं जिन्याचं ड्रॉइंग त्याने उलटं धरून सही ठोकली. मी दाखवलं तर म्हणाला, "पण सही माझीच आहे ना?"

•

पणजोबांचंच एक गोदाम पाडून फ्लॅट करायचं काम आम्ही घेतलं. पाडताना एडवर्ड खरंच रडला, आठवण म्हणून एक वीट घरी घेऊन गेला. नंतर मी विटेचं विचारलं. "बागेचं दार वाऱ्याने आपटायचं. आता नाही आपटत."

•

वाचनालयाची दुरुस्ती पूर्ण माझी. उद्घाटनाला एडवर्ड सगळ्यांसमोर म्हणाला, "ही आमच्या घरचीच आहे." मी हरखून गेले. मग फोटोग्राफर म्हणाला, "ओन्ली फॅमिली, प्लीज." त्या फोटोत मी नाही. मी एडवर्डचा कोट धरून उभी होते.

•

मागच्या वर्षी एडवर्डने बोलावलं. "बोर्ड नवा करायचाय. एक नाव वाढणार आहे. ड्रॉइंग तूच कर."

मी आईला फोन केला. तिने नागपुरात पेढे वाटले. 'देशपांडे'ला किती जागा लागेल ते मी मापून ठेवलं. नाव मात्र घातलं नाही. आपलं आपणच कसं घालायचं?

एडवर्डने ड्रॉइंग निरखलं. "ब्युटिफुल. एमिलीसाठी जागा जरा जास्त होतेय, पण असू दे."

एमिली म्हणजे टॉमची मुलगी. नर्सरीत जाते.

"मोठी झाली की तिला काम तूच शिकव हं. तुझ्याइतकं चांगलं कोण शिकवणार?"

ड्रॉइंग टॉमकडे सहीला गेलं. या वेळी त्याने ते सुलटं धरलं होतं.