पेंडीच्या तराजूत

लोहाऱ्याच्या दूध संस्थेतला तपासनीस माणसांना त्यांच्या जनावरांवरून हाक मारी. "ओ बांड्या म्हशीवाले, फुडं या!" बोलताना त्याची नजर दुधावरून हलत नसे.

दुष्काळात चारा नव्हता आणि संस्थेत दूध निम्म्यावर आलं होतं. माझ्या बायकोच्या अंगावरही पुरेसं दूध नव्हतं. सगळं दूध कॅनमध्ये एकत्र होण्याआधी तपासनीस आमच्या तान्ह्या मुलीसाठी एकाच गाईचं दूध बाजूला काढी. तरी मुलगी अंगानं भरेना. घरात कुणालाच घास गोड लागत नव्हता.

"पोरीलाच आणा हिकडं," मी हे सांगितल्यावर तो म्हणाला.

पेंडीच्या तराजूत त्यानं दूध गाळायचं कोरं फडकं अंथरलं, मुलीला निजवलं आणि दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवून बरोबरी साधली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेवढीच वजनं ठेवली. मुलीचं पारडं खाली गेलं. तेवढ्यात तिनं फडकं भिजवलं.

रांगेतली एक म्हातारी हसत म्हणाली, "पाण्याचं वजन हाय ते, बाबा!"

तपासनिसानं ओलं फडकं काढून दुसरं कोरडं अंथरलं. सगळी रांग माना उंचावून बघत होती. पारडं खालीच राहिलं.

"पाणी काढलं, आजी," तो म्हणाला. "आता ऱ्हायलं ते समदं दूध हाय."