कुमुदमावशींचा भाचा आणि खडवलीच्या गोळ्या

डोंबिवलीच्या त्या सोसायटीत नेमणुकांची यादी मोबाईलवरून फिरली, तेव्हा तिचा अर्थ लावून सांगायला सगळ्यांना आसावरी गावंडच आठवली. अमेरिकेत नवे राष्ट्राध्यक्ष आले होते, आणि त्यांनी नेमलेल्या बड्या अधिकाऱ्यांत दुसऱ्या मजल्यावरच्या कुमुदमावशींचा भाचा विनीत होता.

"म्हणजे मंत्री का गं?" मावशींनी विचारलं.

"मंत्री नाही. परदेशी मदतीच्या खात्याचा उपप्रमुख. कुठल्या देशातलं कुठलं काम चालू ठेवायचं, ते त्याच्या सहीने ठरणार."

आसावरीला हे ठाऊक असायचं कारण साधं होतं. ती ज्या संस्थेत नऊ वर्षं क्षयरोग्यांचं काम करत होती, ती त्याच खात्याच्या मदतीवर चाले. गोळ्या सरकारी आणि फुकट. पण त्या खडवलीच्या पलीकडच्या पाड्यांवर पोचवायच्या आणि माणसाने गिळल्या की नाही हे समोर बसून बघायचं, हे काम तिचं. आपला माणूस वर बसला म्हणून तिनेही हौसेने पेढा खाल्ला.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती पाड्यावर ठमाबाईच्या अंगणात बसली होती. म्हातारीचा दुसऱ्यांदा उलटलेला क्षय आता कुठे हटत होता. तेवढ्यात संस्थेचा निरोप आला : वॉशिंग्टनहून हुकूम आहे, काम असेल तिथे थांबवा, गाडी परत पाठवा.

"बाय, आता कवा येशील?" ठमाबाईने विचारलं.

"सोमवारी," आसावरी म्हणाली.

घरी न जाता ती थेट मावशींकडे गेली. मावशींनी कौतुकाने व्हिडिओ कॉल लावून दिला. विनीत टाय बांधत होता.

"सगळंच तपासायला थांबवलंय. नव्वद दिवसांचा तर प्रश्न आहे."

"साहेब, नव्वद दिवस गोळ्या चुकल्या तर हा आजार मग औषधाला दाद देत नाही. माणूस जातो."

"मी समजू शकतो. सविस्तर लिहून पाठवा. मी जातीने बघतो."

तिने एकेका रोग्याचं नाव, गाव, उपचाराचा महिना लिहून पाठवला. उत्तर आलं नाही. पुढचे दोन सोमवार ती सरकारी केंद्रावरून गोळ्या घेऊन स्वतःच पाड्यावर गेली. तिसऱ्या वेळी केंद्रावरच्या माणसाने गोळ्या द्यायला नकार दिला. "तुमची संस्था बंद झाली ना? मग तुम्ही कोण? पेशंटला पाठवा." ठमाबाईला दारापर्यंत चालवत नव्हतं, ती कुठून येणार होती?

एप्रिलच्या शेवटी ठमाबाई गेली. मातीला आसावरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ठमाबाईची सून पंधरा दिवस खोकतेय, हे तिला तिथेच कळलं.

त्याच आठवड्यात सोसायटीत पुन्हा पेढे आले. विनीत आता व्यापार खात्यात आणखी वरच्या जागी गेला होता. अक्षर चांगलं म्हणून अभिनंदनाचा फलक आसावरीने लिहावा, असं ठरलं होतं. मावशी खडू घेऊन दारात आल्या.

"मावशी, त्याच्या जुन्या जागेवर कोण आलं?"

"कुणी नाही म्हणे. ती जागाच काढून टाकली. केवढी कामं उरकली बघ त्याने तीन महिन्यांत!"

"ठमाबाई वारली," आसावरी म्हणाली.

"कोण ठमाबाई?"

"मी त्याला जी यादी पाठवली होती, त्यातलं चौथं नाव."

मावशी मग हळूच म्हणाल्या, "अगं, त्याला एकट्याला काय ठाऊक असणार! वरून हुकूम येतात." आसावरीने दार लोटून घेतलं. फलक दुसऱ्या कुणीतरी लिहिला.

हल्ली ती एका दातांच्या दवाखान्यात नंबर लावून देते. ठमाबाईची सून मधूनच फोन करते. आसावरी तिला दर वेळी केंद्राचा पत्ता सांगते, आणि एवढ्या लांब ती जाणार नाही हे दोघींनाही माहीत असतं.